खणाचं फडकं

कालिंदी तावडे हसायची थांबली, ही काळाचौकीच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यापुरती तरी बातमीच होती. बाई ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल-बिडिंग करायची आणि हसायची. हसायची म्हणजे मशीन थांबवून, डोळ्यांना पदर लावून, मांडीवर थापा मारत. खालच्या मजल्यावरच्यांना त्या आवाजावरून कळायचं की वर चार वाजताचा चहा झाला आणि चंपा बोलायला लागली.

चंपा सकपाळ दोन खोल्या सोडून राहायची. रेशनिंग ऑफिसात जन्म काढून ती निवृत्त झाली होती. काउंटरच्या आत बसून तिने जेवढी माणसं पाहिली तेवढ्यांच्या नकला घरी आणल्या होत्या. सगळ्यात वरचा नंबर चाळीचा सेक्रेटरी हितेंद्र याच्या पंधरा ऑगस्टच्या भाषणाचा. हितेंद्र दर वाक्यानंतर माइकवर टिचकी मारून "येतोय ना आवाज?" असं विचारायचा आणि चंपा ते भाषण चहाच्या चमच्यावर करून दाखवायची. गॅलरीच्या टोकाला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एकीवर नट आणि दुसरीवर प्रेक्षक, असा त्यांचा कारभार वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला होता.

गेल्या वर्षी त्याच टिचकीवर कालिंदी खो खो हसली आणि मधेच एकदम गप्प झाली. परकर ओला झाला होता. "दूध ठेवलंय गॅसवर," असं म्हणून ती आत गेली ती बाहेर आलीच नाही. आधी तिला वाटलं, एखाद्या वेळी होतं असं. मग शिंकेला झालं, खोकल्याला झालं, पाण्याची कळशी उचलताना झालं. पण सगळ्यात हमखास व्हायचं ते हसण्याने. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, व्यायाम शिकवला आणि म्हणाल्या, "पुष्कळ बायकांना होतं हे. व्यायामाने फरक पडेल, तोवर पॅड वापरा." पुष्कळ बायका म्हणजे नक्की कोण, हे बघायला कालिंदीने चाळीभर नजर फिरवली. एकीच्याही तोंडावर तसं काही दिसलं नाही.

पॅड आणायला ती चांगली परळपर्यंत चालत जायची, कारण कोपऱ्यावरच्या केमिस्टची बायको तिच्याकडे ब्लाउज शिवायला टाकायची. परळचा केमिस्ट ओळखीचा नव्हता, पण त्याचा आवाज दमदार होता. दुकानात गर्दी बघून त्याने विचारलं, "पेशंटची कंबर काय साइज?" कालिंदी म्हणाली, "सासूबाईंसाठी हवंय. माझ्यासारखीच आहे कंबर." सासूबाईंना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि हयातीत त्यांनी सुनेसारखं काही असणं कधी कबूल केलं नव्हतं.

बरं, आणलेला माल काही सुखाचा नव्हता. मे महिन्यात मांड्यांना पुरळ आलं. उठता-बसता कुरमुऱ्याच्या पिशवीवर बसल्यासारखा आवाज यायचा. आणि वापरून झालेलं टाकायचं कुठे? चाळीत कचऱ्याचा डबा घेऊन निघालं तरी लोक "आज कोळंबी वाटतं" म्हणून थांबवतात. कालिंदी ती पुडकी वर्तमानपत्रात गुंडाळून, कापडाच्या पिशवीत चिंध्यांखाली दडवून लांबच्या कुंडीत टाकून यायची. इतकं करूनही तिचा त्या पॅडांवर विश्वास बसलाच नाही. तेव्हा तिने मूळ कारणच बंद केलं. चंपाने नक्कल सुरू केली की ही दात आवळून कठड्याकडे बघत बसायची, आणि पुढे पुढे तर चार वाजता तिला नेमकं कुणाचं तरी अर्जंट ब्लाउज आठवायचं. दिवाळीला उरल्यासुरल्या ब्लाउजपीसांची गरम भांडी धरायची फडकी शिवून ती सगळ्या मजल्याला वाटायची. त्या दिवाळीला चंपाच्या दारापर्यंत गेली आणि परत फिरली. दार उघडलं असतं, चंपा काहीतरी बोलली असती, आणि मग?

चंपाने जे समजायचं ते समजून घेतलं. "पोराला अँटॉप हिलला सरकारी क्वार्टर मिळाली ना, आता आमच्या टपोरी जोकवर कशाला हसतील मॅडम," असं ती नळावर मोठ्याने म्हणाली. मग एक दिवस तिने आपली खुर्ची उचलून घरात नेली. गॅलरीच्या टोकाला एकच खुर्ची राहिली. ती दिसू नये म्हणून कालिंदी दार लोटून मशीनवर बसायची, पण सांगायचं काय आणि कोणत्या तोंडाने? चाळीत बाळंतपणापासून मूळव्याधीपर्यंत सगळं चारचौघांत बोललं जायचं. याला मात्र तिला शब्दच सापडत नव्हता.

गाठ सुटली ती अँटॉप हिललाच. मुलाकडे, अजितकडे, चार दिवस राहायला गेली असताना सून आकांक्षाला बाथरूममधलं पुडकं दिसलं. आकांक्षा आयटीवाली, आडपडदा नावाची गोष्ट तिच्या माहेरी नव्हती. तिने फोन काढला, धुवून पुन्हा वापरायचं कापडी पॅड मागवलं आणि आल्यावर सासूच्या हातात दिलं. "आई, हे ट्राय करा. माझी मावशी वर्षभर वापरतेय. नुसतं धुवायचं आणि वाळवायचं."

कालिंदीने ते ट्राय केलं नाही. ते घरी आणून उसवलं. शिवणकाम करणाऱ्या बाईला कपडा उसवल्याशिवाय कळत नाही. वर मऊ सुती, मध्ये टर्किश टॉवेलचे पदर, खाली पाणी न झिरपू देणारं रेनकोटसारखं मऊ कापड, आणि जागेवरून हलू नये म्हणून दोन बाजूंना पंखांसारख्या पट्ट्या आणि टिचबटणं. "एवढंच होय," ती म्हणाली आणि हिंदमाताला जाऊन कापड घेऊन आली. पहिलं शिवून झाल्यावर मोरीत नेऊन त्यावर वाटीभर पाणी ओतलं. पाणी थेंब थेंब होऊन इकडे तिकडे पळालं, कारण हौसेने तिने ते कपडे मऊ करायच्या सुगंधी पाण्यातून काढलं होतं. दुसऱ्या वेळी साध्या साबणात दोन-तीनदा धुतलं. मग वाटीभर पाणी मुकाट आत गेलं आणि खालची फरशी कोरडी राहिली. कालिंदीने फरशीवरून दोनदा हात फिरवला. वर्षभरात पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

आता प्रश्न वाळवायचा. घरात वाळवलं तर कुबट वास मारतो, बाहेर ऊन आहे पण गॅलरीच्या दोरीवर सगळ्या मजल्याची नजर. कालिंदीने डोकं चालवलं. पॅडच्या खालच्या बाजूला तिने ब्लाउजपीसांचे उरलेले रंगीत तुकडे लावले, एका टोकाला अडकवायला नाडी शिवली, आणि दोरीवर ती दिमाखात लटकवली. बघणाऱ्याला वाटावं, कालिंदीने दिवाळीची फडकी यंदा लवकर काढली. निळी वापरातली, आणि नवीन शिवलेली हिरव्या खणाची, लाल काठाची. नवीन कापड आधी धुवून पाणी शोषायला लावायचं म्हणून हिरवीही दोरीवर होती. त्यातलं एक एका संध्याकाळी दिसलं नाही. वाऱ्याने उडालं असेल म्हणून तिने खाली डोकावून बघितलं, नाही सापडलं, तिने सोडून दिलं.

पंधराएक दिवसांनी रविवारी सकाळी चंपाची नात प्रिती दारात आली. तिला बँकेत नोकरी लागली होती आणि चंपाने मजल्याला जेवायला बोलावलं होतं.

"आजीने सांगितलंय का मला बोलवायला?" कालिंदीने विचारलं.

"आजी म्हणाली, सगळ्यांना सांग." प्रिती जरा थांबली. "तुम्ही या ना. ती बोलत नाही, पण तुमचा पाट मांडलाय तिने."

कालिंदीने निळं पॅड लावलं, बरी साडी नेसली आणि गेली. आज हसू आलं तरी चालेल, असं तिने स्वतःला बजावलं. तरी आपल्या खोलीकडच्या टोकाची जागा धरली, म्हणजे वेळ आली तर पळता येईल.

गॅलरीत पंगत बसली होती. वडे आले, कांदा आला. चंपाने कालिंदीकडे बघून न बघितल्यासारखं केलं. आतून मटणाचा वास येत होता आणि हितेंद्रने दोनदा "काही मदत हवी का" विचारून झालं होतं. मग चंपा आतून भला मोठा टोप घेऊन बाहेर आली. टोपाच्या एका कानाला जुनं मसोतं होतं. दुसऱ्या कानाला हिरवा खण होता, लाल काठाचा.

कालिंदीच्या हातातला वडा हातातच राहिला. मग तिने रंग पुन्हा बघितला. हिरवं होतं, म्हणजे नवं होतं, अंगाला न लागलेलं. जिवात जीव आला, आणि जीव आल्याबरोबर हसूही आलं, पण अजून ते दातांच्या आत होतं.

"काय मस्त फडकं गं," पलीकडच्या मायाने विचारलं. "कुठून घेतलंस?"

"आहे एका मोठ्या टेलरबाईकडचं," चंपा टोप खाली ठेवत म्हणाली. "जाड बघ किती. हाताला चटका नाही. सांडलं तर सगळं पिऊन टाकतं. आणि हे बघ, मधे बटणं दिलीत. मी त्यात गॅसचा लायटर अडकवते." आणि तिने पट्ट्यांची टिचबटणं टक टक लावून दाखवली.

मग कालिंदीला कोणी थांबवू शकलं नसतं. ती हसली ती आधी नाकातून, मग घशातून, मग पोटातून. वडा ताटात पडला, पदर डोळ्यांना लागला, मांडीवर थापा बसायला लागल्या. हितेंद्र पाणी आणायला धावला. आपण हसतोय आणि वर्षभराचं सगळं बाहेर पडतंय, हे तिला कळत होतं, आणि जे बाहेर पडायची भीती होती ते काही बाहेर पडलं नव्हतं. साडी कोरडी होती. पाट कोरडा होता. हे लक्षात आल्यावर ती आणखीच हसली.

चंपाचं तोंड उतरलं. तिने कालिंदीला दंडाला धरून आत नेलं आणि दार लोटलं.

"वर्षभर माझ्या कुठल्या गोष्टीवर हसली नाहीस, आणि आज माझ्या घरी येऊन माझ्यावर हसतेस? आणि फडकं म्हणशील, तर हां, उचललं मी. गॅलरीत पडलेलं. दिवाळीला सगळ्यांना दिलीस आणि मला तेवढी वगळलीस. माझा हक्क नाय काय?"

"चंपे," कालिंदी डोळे पुसत म्हणाली, "ता फडकां नाय गो."

मग तिने सांगितलं. टिचकीवरचं हसू, ओला परकर, परळचा केमिस्ट, मेलेल्या सासूबाईंची कंबर, चिंध्यांखालची पुडकी, दिवाळीला दारातून परत फिरणं, सगळं. शब्द सापडत नव्हता म्हणून अडलेली गोष्ट शब्दाशिवायच सांगून झाली. चंपा हातातल्या खणाकडे बघत उभी होती.

"नवीन होतं," कालिंदी घाईने म्हणाली. "वापरातली निळी आहेत. हे फक्त धुतलेलं."

"ते मरू दे गं." चंपा खाटेवर बसली. "म्हणजे तुला माझा राग आला नव्हता?"

"राग कसला येतोय."

"मला वाटलं माझ्यातलंच संपलं. प्रितीला विचारलं मी, खरं सांग, मी आता बोअर मारते का? ती म्हणाली, आजी, तू रिपीट करतेस." चंपाचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा तिने काही प्रयत्न केला नाही. "एकटीला चहा जात नव्हता गं मला."

"मला पण," कालिंदी म्हणाली आणि तिच्याशेजारी बसली.

बाहेर वाढपाची गडबड ऐकू येत होती. माया कुणाला तरी सांगत होती की तीही कालिंदीकडून तसली चार फडकी शिवून घेणार आहे, बटणांसकट. दोघी एकमेकींकडे बघून तोंड दाबून बसल्या.

"मला पण दोन शिव," चंपा भिंतीकडे बघत म्हणाली.

"टोपासाठी?"

"टोपाला मसोतं आहे माझ्याकडे."

कालिंदीने तिच्याकडे नीट बघितलं. डॉक्टरीणबाईंच्या पुष्कळ बायकांपैकी एक एवढी वर्षं दोन खोल्या सोडून राहत होती, आणि हिने ती चाळभर शोधली होती.

"आत्ता हसलीस तेव्हा काय झालं?" चंपाने विचारलं.

"जे झालं असेल ते त्याने आतल्या आत ठेवलं. बाहेर काय नाय."

"नक्की?"

"नक्की."

"बघू." चंपाने मांडणीवरचा डाव उचलला, उभी राहिली, पोट पुढे काढलं, आणि डावाच्या डोक्यावर टिचकी मारली. "येतोय ना आवाज?"

वडे गार झाले, मटण पुन्हा तापवावं लागलं. खालच्या मजल्यावर कुणीतरी भांडी घासताना वर कान देऊन म्हणालं, चंपा बोलायला लागली वाटतं.