वाढत्या अंगाचं व्याकरण

सकाळी अकरा वाजता निकाल लागला. धाकटा पाचवी लेव्हल, थोरली चौथी.

थोरली अकरा वर्षांची, धाकटा नऊ. परीक्षा घेतली होती त्यांच्या आईने, म्हणजे शिंपीणबाईंनी, घरातल्याच कापणीच्या टेबलावर, एका गिऱ्हाइकाचा अर्धवट कोट बाजूला सारून. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी व्याकरणाची पुस्तकं छापणाऱ्या कंपनीने ही चाचणी पाठवली होती. शेवटी ठळक अक्षरांत सूचना होती : मुलाचं वय पाहू नका, निकाल पाहा. शिंपीणबाईंनी निकाल पाहिला, मग वय पाहिलं, मग गुणांची बेरीज पुन्हा केली. बेरीज बरोबर होती. हीच तर पंचाईत होती.

दुसऱ्या कुणाच्या घरी असा निकाल हसण्यावारी गेला असता. या घरात जाणार नव्हता. थोरली पूर्वी शाळेत जात असे. तिथे तिला ‘सावकाश वाचणाऱ्यांच्या’ बाकावर बसवलं, आणि पोरीने हळूहळू बोलणंच सोडलं. भूक लागली का, तर मान हलवायची. पोट दुखतंय का, तर मान हलवायची, आणि कोणती मान कशासाठी हे आईबापांनी ओळखायचं. शेवटी शिंपीणबाईंनी तिला घरी आणलं. ताई घरी बसते तर मी का जाऊ, म्हणून मागोमाग धाकटाही आला. थोरलीने पुन्हा तोंड उघडायला वर्ष लागलं. आता ते मिटत नव्हतं. सकाळी आई मापं घेत असताना थोरली हातात आईची लाकडी पट्टी घेऊन धाकट्याला शिकवी. तो सतत गुणगुणायचा म्हणून त्याचं नाव भुंगा.

“भुंग्या, सरळ बस. भुंग्या, गुणगुणू नकोस. भुंग्या, मला येतं म्हणून तुलाही आलंच पाहिजे.”

या बाईसाहेबांना आता सांगायचं, की विद्यार्थी तुमच्या पुढे गेला.

“सांगून टाक,” मुलांचे बाबा दुपारच्या जेवणाला बसता बसता म्हणाले. ते लिफ्ट दुरुस्त करत, आणि जगातला कुठलाही प्रश्न त्यांना मजल्यांनीच कळे. “चौथ्या मजल्यावरच्या माणसाला पाचवा आला म्हणून खोटं सांगितलं, तर तो चुकीच्या मजल्यावर पाय बाहेर टाकतो.”

“माझी पोरगी लिफ्ट नाही.”

“लिफ्ट असती तर बरं झालं असतं. लिफ्ट बंद पडली तर मी दुपारपर्यंत चालू करून देतो. ही बंद पडली तेव्हा वर्ष गेलं.”

शिंपीणबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक पोळी टाकली.

“दोघांनाही चौथी देऊ,” बाबा म्हणाले.

“भुंग्याला तोकडी होईल.”

“मग दोघांनाही पाचवी.”

“तिला ढगळ होईल,” शिंपीणबाई म्हणाल्या, आणि घास हातातच राहिला. कारण ढगळ झालेल्याचं काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. सगळी हयात त्यांनी मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे बेतले होते. आत चार बोटं कापड दाबायचं, वरून कच्चे टाके घालायचे, पोर वाढेल तसे उसवायचे.

त्यांनी लगेच कंपनीला फोन लावला.

“मॅडम, मुलीचा निकाल चौथीचा आहे. पाचवी घेऊ नका,” पलीकडची मुलगी म्हणाली.

“पुढे तिला होईल ना ती?”

“होईल, पण—”

“मग झालं तर. तुम्ही पाठवा. ढिलं-घट्ट मी बघते.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. “मॅडम, आपण व्याकरणाबद्दलच बोलतोय ना?”

“अजून कशाबद्दल? नाहीच बसलं तर बदलून द्याल ना?”

“देऊ. पण पुस्तकात काही लिहिलेलं नको.”

“एक अक्षर लिहिणार नाही,” शिंपीणबाईंनी शब्द दिला. तो त्यांनी पाळला.

पुस्तकं आली त्या दुपारी मुलं बाबांबरोबर बाहेर होती. शिंपीणबाईंनी थोरलीचं पुस्तक टेबलावर पसरलं, पहिल्यापासून वाचलं आणि जो धडा तिला जड जाईल असं वाटलं, त्याची पानं एकत्र धरून कडेने पांढऱ्या दोऱ्याचे टाके घातले. प्रयोगाचा धडा दाबला. समासाचे निम्मे भेद दाबले. वाक्यपृथक्करण त्यांना स्वतःलाही कळेना, म्हणून ते सगळंच आत घेतलं. काम सुबक झालं होतं. दोरा ओढला की सुटेल असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने पुस्तक उघडलं.

“आई, माझ्या पुस्तकाला चुण्या का आहेत?”

“त्या पानांची छपाई खराब आहे,” शिंपीणबाई टाचण्या तोंडात धरून म्हणाल्या. तोंडात टाचण्या असल्या की खोटं बोलणं सोपं जातं.

“ताई, तुझं पुस्तक कंबरेत घट्ट केलंय!” भुंगा ओरडला.

थोरलीने भुंग्याचं पुस्तक ओढून तेच पान काढलं. छपाई उत्तम होती. मग तिने आपल्या पुस्तकाच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. शिंपिणीची पोर ती. कच्चा टाका कशाला घालतात, हे तिला ग म भ न च्या आधी ठाऊक होतं.

“बरं,” ती म्हणाली.

त्यानंतर ती बोलली नाही. भुंगा गुणगुणला तरी बोलली नाही. जेवायला ये म्हटल्यावर तिने मान हलवली.

“बोलली का?” बाबांनी आल्या आल्या विचारलं.

“‘बरं’ म्हणाली.”

“आणखी?”

“नाही.”

बाबांनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली ती अशी, जणू आत अंडी होती.

शिंपीणबाईंनी मशीन बंद केलं आणि थोरलीसमोर जाऊन बसल्या. गिऱ्हाइकाचं कापड वाकडं कापलं गेलं तर त्या सरळ सांगत, तसंच सांगितलं. “तुला चौथी आली. भुंग्याला पाचवी. तुझ्यापासून लपवलं, चुकलं माझं.”

थोरलीने मान हलवली.

“ताईला माहितीये,” भुंगा म्हणाला.

“कसं माहीत?”

“मी सांगितलं. निकाल लागला तेव्हाच.”

“आणि तुला कुणी सांगितलं, मेल्या?”

“मी टेबलाखाली होतो. तू बेरीज मोठ्याने करत होतीस.”

शिंपीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं. म्हणजे पोरीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तरी ती रोज पट्टी घेऊन भुंग्याला सरळ बसवत होती.

“मग आज गं काय झालं?” आईने विचारलं.

थोरलीने पुस्तक मिटलं.

“गिऱ्हाईक आलं की तू त्याला उभं करतेस,” ती म्हणाली. “हात वर करा, श्वास सोडा, सगळं सांगतेस. कच्चं शिवलं की ट्रायलला बोलावतेस. माझं माप कधी घेतलंस?”

“अगं, चाचणी घेतली की...”

“चाचणीत ही पानं नव्हती.”

बाबा हळूच म्हणाले, “मुद्दा आहे.”

“तुम्ही गप्प बसा.”

“मला ट्रायल पाहिजे,” थोरली म्हणाली. “बसलं तर पाचवी ठेवायची. नाही बसलं तर चौथी आणायची, आणि कुणी काही शिवायचं नाही. आणि भुंग्या, चौथी आली तरी तू मला ताईच म्हणायचंस.”

“नाहीतर काय म्हणणार?” भुंगा खरोखरच गोंधळून म्हणाला.

तिने सगळ्यात जाड चुणी शोधली. वाक्यपृथक्करण. आईची छोटी कात्री मागून घेतली, दोरा कापून ओढला आणि पुस्तक व भुंगा दोन्ही घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लागलं.

शिंपीणबाईंनी पुन्हा फोन लावला. सावध राहिलेलं बरं.

“पुस्तक बदलायची वेळ आलीच तर म्हणून विचारून ठेवते. लिहिलेलं काही नाही. फक्त बारीक भोकं आहेत.”

“वाळवी लागली का, मॅडम?”

“नाही. सुई.”

पलीकडे पुन्हा कागद चाळले गेले. “मी वरिष्ठांशी बोलून सांगते.”

आतून थोरलीचा आवाज आला. ती मोठ्याने वाचत होती. पहिला परिच्छेद ठणठणीत गेला. दुसरा जरा अडखळत. तिसऱ्याच्या मध्यावर आवाज थांबला.

“मी सांगू?” भुंगा.

“नको.”

पुन्हा मशीनवर बसलेल्या शिंपीणबाईंनी पायट्यावरून पाय उचलला. बाबांना एका इमारतीतून दोनदा बोलावणं आलं होतं, कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं होतं. ते पिशवी खांद्याला लावून दाराशी उभे होते आणि जात नव्हते. गुणगुणणंही ऐकू येत नव्हतं.

कंपनीचा फोन अद्याप आलेला नाही. आतून पान उलटल्याचा आवाजही नाही, पण पुस्तक मिटल्याचाही नाही.