गुरुवारची झोप

संशोधन स्पर्धेतल्या पोस्टरचा खालचा डावा कोपरा पुन्हा सुटून वर वळला. दीक्षाने ओठांत धरलेली पिन काढून अंगठ्याने बोर्डात दाबली आणि मागे वळून पाहिलं. तिची लेक आमू आजीच्या हलत्या मांडीवर झोपली होती.

स्टेजवर कोणीतरी माइक तपासत होतं. मध्येच तो असा किंचाळला, की शेजारच्या पोस्टरवाल्या स्वरूपाने दोन्ही कान झाकले. आमूची पापणीही हलली नाही.

किती गुणाचं बाळ, स्वरूपा म्हणाली. भोसरीचं आहे ते, दीक्षा हसून म्हणाली. आमच्या खाली पत्रा ठोकणाऱ्या सहा पॉवर प्रेस, वर आम्ही.

पोस्टर त्यावरच होतं. एमआयडीसीला लागून असलेल्या गल्ल्यांतली बेचाळीस घरं, प्रत्येक घरातलं एक लहान मूल, आवाजाची मोजणी आणि दुपारच्या झोपेची नोंद. आठ महिने ती आमूला कडेवर घेऊन ही घरं फिरली होती. निष्कर्ष ठळक अक्षरांत होता: मुलांना आवाजाची इतकी सवय होते, की आवाज नसला तर त्यांची झोप मोडते. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, प्रेस बंद. आलेखात झोपमोडीचा गुरुवारचा खांब बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट उंच होता.

बेचाळिसांत सतरावी आमू होती.

चौदा महिन्यांची झाली तरी तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी कान तपासून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. त्याच संध्याकाळी दीक्षाने नवऱ्याला, सिद्धेशला विचारलं, बहिऱ्या मुलाला प्रेस बंद असल्याचं कळेल का? बारा वर्षं प्रेस चालवणाऱ्या सिद्धेशने जेवता जेवता विचार केला आणि नाही म्हटलं. मग पोस्टर झालं की जाऊ, असं ठरलं. चिठ्ठी पर्समध्येच राहिली. गुरुवारी दुपारी आमू अर्ध्या तासात रडत उठली, की दीक्षाच्या जिवात जीव यायचा. वहीत वेळ लिहिताना ती बाळाशी गप्पाही मारायची.

परीक्षक विजयश्री मॅडम अकराच्या सुमारास आल्या. ध्वनिशास्त्र शिकवणाऱ्या बाई. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी आलेख अगदी जवळून पाहिला. मीटर कुठे ठेवला होता, खिडक्या उघड्या होत्या का, असं बारीकसारीक विचारलं. दीक्षाने सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं. मग त्या थांबल्या.

"मुलं झोपतात कुठे?"

"खालीच, मॅडम. जमिनीवर गोधडी घालून."

"मग जमिनीची थरथर? प्रेस बंद असली की तीही बंद. झोप आवाज नाही म्हणून मोडली, की थरथर नाही म्हणून, हे वेगळं काढलंत?"

 ती थरथर दीक्षाला कधीची जाणवेनाशी झाली होती. ताटातल्या वरणावर दिवसभर बारीक वलयं उठतात, हेसुद्धा ती विसरली होती.

मॅडम समजुतीने सांगत होत्या. काही मुलं झोळीत झोपत असतील. त्यांच्या नोंदी बाजूला काढून बघा, पटकन कळेल.

नोंदी बघायची गरज नव्हती. दिवाळीपर्यंत आमूसुद्धा झोळीत झोपायची. तेव्हाच्या गुरुवारी ती दुपारभर गाढ झोपलेली असायची. वय लहान म्हणून, असं दीक्षाने वहीत समोर लिहून ठेवलं होतं.

"नाही काढलं, मॅडम," ती म्हणाली.

काम मेहनतीचं आहे, एवढं पुढे नेलंत तर छापण्याजोगं होईल, असं काहीसं बोलून मॅडम पुढच्या बोर्डाकडे गेल्या.

आमू उठली होती. फरशीवर पाठमोरी बसून कोणाच्या तरी ओळखपत्राची फीत ओढत होती. मागे खुर्चीवर तिची आजी कस्तुराबाई बिस्किटाचा पुडा फोडत होत्या. त्यांनी टाच दोनदा इथल्या दगडी फरशीवर आपटली. आमूने पाहिलं नाही. कस्तुराबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, वळसा घालून नातीच्या पुढ्यात येऊन बसल्या आणि तिच्या डोळ्यांसमोर बिस्कीट धरलं. हाक त्यांनी एकदाही मारली नाही.

घरी त्या रोज अशीच टाच आपटायच्या, पातळ जमीन हादरायची आणि आमू वळायची. प्रेसच्या आवाजात हाक पोचते कुणाची? घरात सगळेच काही ना काही ठोकून एकमेकांना बोलावतात. दीक्षाला त्यात कधी वेगळं काही दिसलं नव्हतं.

ती जाऊन आमूच्या पाठीशी बसली.

"आमू."

मग थोडं मोठ्याने. मग इतक्या मोठ्याने, की स्वरूपाने वळून पाहिलं. आमू बिस्कीट चोखत राहिली.

"आई," दीक्षा म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

कस्तुराबाईंनी पदराने नातीची हनुवटी पुसली.

"दिवाळीपास्नं. दारात फटाक्याची लड वाजली, अन् ही माझ्या मांडीवर निवांत दूध पीत व्हती."

"मला बोलला नाहीत."

"काय बोलू, माय? दर गुरुवारी तू एवढी हसायचीस."

स्टेजवर पाहुण्यांचा सत्कार सुरू झाला. सभागृहभर टाळ्या उठल्या. कस्तुराबाई मान खाली घालून बिस्किटाचा चुरा वेचत होत्या. दीक्षा गुडघ्यांवर सरकत आमूच्या समोर आली. दोन्ही हात तिच्या नजरेच्या उंचीला आणले आणि टाळ्या वाजवू लागली. आमूने आधी हातांकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे. तिने बिस्कीट सोडलं आणि चिकट तळवे एकमेकांवर आणले. एकदा. पुन्हा एकदा.

तोवर सभागृहातल्या टाळ्या थांबल्या होत्या. दीक्षा वाजवत राहिली.