अंगठ्यातला जोर

इंजिनाचं दुखणं नुसत्या आवाजावरून ओळखतो, म्हणून मिस्त्रीला सगळे डॉक्टर म्हणत आणि तोही आढेवेढे न घेता म्हणवून घेई. त्या सकाळी टेबलावर गवत कापायचं एक मशीन होतं. प्लगला ठिणगी पडत नव्हती. सवयीप्रमाणे त्याने आधी बंद करायच्या बटणाची वायर सोडवली. दोष बटणात असला तर वायर काढताच ठिणगी पडते. नसला तर पुढे शोधायचं, आणि शेवटी ती वायर आठवणीने परत जोडायची, नाहीतर बटण दाबूनही मशीन बंद होत नाही.

आठवणीने. मिस्त्रीचा हात तिथेच थांबला.

महिन्यापूर्वी माळीकाकांच्या अशाच मशीनला त्याने हेच केलं होतं. दोष निघाला प्लगच्या टोपीत. टोपी बदलली, पहिल्याच हिसक्याला मशीन सुरू झालं, काका खूश आणि डॉक्टर त्याहून खूश. त्या आनंदात वायर जोडली का? काही केल्या आठवेना.

खरं पाप पुढेच होतं. आठवड्याने काकांचा फोन आला होता, की बटण दाबलं तरी मशीन थांबत नाही, चोक ओढून बंद करावं लागतं. मशीन घेऊन या म्हणायचं सोडून हे महाशय हसले होते. म्हणाले होते, “काका, तुमच्याच अंगठ्यात जोर राहिला नाही. मशीन ठणठणीत आहे.”

काका “बरं” म्हणाले होते.

मिस्त्रीने दुकानाचं शटर अर्धवट ओढलं आणि स्कूटर काढली. फिरतं पातं आणि सत्तरीचा माणूस, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

दार काकांनीच उघडलं. हात शाबूत, पाय शाबूत. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला, पण तो काही फार वेळ तिथे राहिला नाही. आत सून कडेवरच्या तान्ह्या पोरीला सावरत एका हाताने भांडी घासत होती आणि पोर टाहो फोडत होती. जरा आजोबांकडे द्या की, असं मिस्त्री सहज बोलून गेला. सून हलक्या आवाजात म्हणाली, “बाबा हल्ली तिला घेत नाहीत. अंगठ्यात जोर नाही, हातातून पडेल म्हणतात.”

मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“काका, तुमच्या अंगठ्याला काही झालेलं नाही,” तो म्हणाला. “वायर जोडायची मीच विसरलो होतो.”

काका हसले. “भला माणूस आहेस. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून एवढ्या लांब आलास.”

मिस्त्रीने अंगणात मशीन आडवं घालून झाकण उघडलं. वायर मोकळी लोंबत होती. ती त्यांना दाखवली, जोडली, मशीन सुरू करून त्यांच्या हातात दिलं. काकांनी बटण दाबलं. मशीन बंद पडलं. त्यांनी पुन्हा सुरू करायला लावलं, पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदाही तेच.

काकांनी मशीन खाली ठेवलं. मग म्हणाले, “मी फोन केला तेव्हा एकदा उघडून पाहायचं होतंस.”

आवाजात राग नव्हता. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“माझं चुकलं असेल, हे डोक्यातच आलं नाही,” मिस्त्री म्हणाला. खोटं बोलायची त्याची छाती झाली नाही.

काकांनी नळावर हात स्वच्छ धुतले, पंच्याला पुसले आणि ते आत गेले. सुनेने आनंदाने पोर पुढे केली. काकांचे हात उचलले गेले आणि अर्ध्यावरून खाली आले. त्यांनी कोपऱ्यातली चादर जमिनीवर दुहेरी अंथरली, भिंतीला पाठ लावून तिच्यावर मांडी घातली आणि मग म्हणाले, “हं, आता दे.”