किल्लीवाल्या आजोबांची कॅसेट

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. एकाच कॅसेटचा, काळ्या अंगाचा, डाव्या कोपऱ्यात तडा गेलेला. सध्या माझा मुक्काम एका शाळेच्या कपाटात आहे. माझ्या आतला रबरी पट्टा सैल झाल्यामुळे मला आता गाता-बोलता येत नाही. पण ऐकलेलं सगळं लक्षात आहे. त्यातलं एक तुम्हाला सांगतो. ते गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. स्क्रू बसवणाऱ्या बाईने माझं लाल बटण दाबून "हॅलो, हॅलो" म्हटलं आणि मी तिचाच आवाज तिला ऐकवला. "कान चांगला आहे हं याचा," ती शेजारणीला म्हणाली. तिथून मी थेट या शाळेत आलो. कविता, पाढे, कवायतीचं संगीत यांत माझी बरीच वर्षं गेली.

मग चौथीला नव्या बाई आल्या. त्या म्हणाल्या, "युद्ध म्हणजे मुलांना नुसत्या सनावळ्या वाटतात. ज्यांनी ते पाहिलं, त्यांच्याच तोंडून ऐकू दे." दर शनिवारी लढाईहून परतलेलं एखादं माणूस वर्गात येऊ लागलं. बाई मला टेबलावर ठेवायच्या आणि लाल बटण दाबायच्या. एका ट्रकचालकाने बर्फात अडकलेल्या चाकांची गंमत सांगितली. एका कारकुनाने सैनिकांच्या पत्रांबद्दल सांगितलं. मुलं टाळ्या वाजवायची, मुख्याध्यापक बाईंची पाठ थोपटायचे. वर्तमानपत्रात फोटोही आला. त्यात मधोमध मी होतो. खोटं कशाला बोलू, मी जरा फुगलोच होतो.

शाळेच्या फाटकाबाहेर एक आजोबा किल्ल्या बनवून द्यायचे. ते सैन्यात होते, हे बाईंना कळलं. "मला नाही हो बोलता येत," ते म्हणाले. "जमेल तेवढंच बोला," म्हणत बाईंनी त्यांना आणलंच. मुलांच्या छोट्या खुर्चीत ते बसले, तेव्हा त्यांचे गुडघे छातीशी आले.

"मी जखमी माणसं उचलायचो," त्यांनी सुरुवात केली. "पुढे एक, मागे एक, मध्ये स्ट्रेचर. एका वेळी एकच माणूस नेता यायचा. त्या दिवशी टेकडीवर दोघे पडले होते. एक आमचे साहेब, दुसरा आमचा आचारी. आचारी मला रोज गुपचूप चहाचा दुसरा कप द्यायचा. आम्ही साहेबांना आधी उचललं. आचारी म्हणाला, 'जा, पण ये हं परत.' मी म्हटलं, 'हा आलोच.' साहेब वाचले बरं का, पोरांनो."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. आजोबा उठायला लागले.

पहिल्या बाकावर एक मुलगी होती. तिच्या सततच्या प्रश्नांमुळे सगळे तिला प्रश्नपेटी म्हणायचे. तिने हात वर केला. "मग आचाऱ्याला आणायला कोण गेलं?"

आजोबा पुन्हा बसले. माझी कॅसेट फिरत होती आणि तिच्यात नुसता खिडकीबाहेरचा आवाज भरत होता.

"कोणी नाही," ते म्हणाले. "माझा जोडीदार पायाला मार लागून बसला होता. दुसरा माणूस मिळाला असता, पण मी शोधला नाही. घरी मी सांगितलंय की वाट बंद होती. वाट उघडी होती. मला भीती वाटली. मी एका खडकाआड बसून राहिलो. तो हाका मारत होता. दुपारनंतर हाका थांबल्या."

त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत.

सोमवारी एका मुलाचे वडील शाळेत आले. "पोरगं जेवत नाही. सारखं आचाऱ्याचं विचारतंय. हे शिकवायला पाठवतो का आम्ही?" मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. "शौर्याच्या गोष्टी सांगा म्हटलं होतं, हे काय भलतंच? ती कॅसेट स्नेहसंमेलनाचं गाणं भरायला घ्या."

बाई खूप बोलल्या, पण चाललं नाही. कॅसेटच्या पाठीवरचे दोन प्लास्टिकचे दात मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. बाईंनी ते त्याच शनिवारी मोडले होते. आता त्या भोकांवर त्यांनी स्वतःच चिकटपट्टी लावली. मग मला हॉलमध्ये नेलं. गाणं पुढे भरत गेलं आणि आजोबांचा आवाज पुसत गेला. ते काम मीच केलं, मित्रांनो. मला थांबता येत नव्हतं. शनिवारचे तासही तेव्हापासून बंद झाले.

तीन वर्षांनी आजोबा वारले. आठवड्याभरात त्यांची लेक शाळेत आली. "शेवटी शेवटी बाबा म्हणायचे, 'मी सगळं शाळेत सांगितलंय, तिथे जाऊन ऐक.' मला ती कॅसेट ऐकायचीय."

बाईंनी मला काढलं आणि कॅसेट घातली. आधी ढोलकी वाजली, मग मुलांचं गाणं. बाईंनी मला बंद केलं. "मीच पुसली," त्या म्हणाल्या. त्यांना वर बघवेना.

मग त्या सातवीच्या वर्गातून प्रश्नपेटीला घेऊन आल्या. मुलगी उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं, आजोबांच्याच शब्दांत. खडक, हाका, भीती, काहीही गाळलं नाही. लेक पदराचं टोक बोटांना गुंडाळत ऐकत होती.

"म्हणून ते कधी कुणाला 'आलोच' म्हणायचे नाहीत," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "आणखी काही बोलले का गं?"

"नाही. मला विचारायचं होतं, त्या आचाऱ्याच्या घरी कोण कोण होतं, त्यांना कुणी काही कळवलं का. पण आजोबा इतके दमलेले दिसत होते, की मी हात खाली घेतला."

"मलाही माहीत नाही गं," लेक म्हणाली. आता ते सांगणारं कुणीच उरलं नव्हतं. ती गेली आणि बाईंनी मला कपाटात ठेवलं.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असं मी म्हणणार नाही. माझे दिवस संपले. पण युद्ध पाहिलेलं माणूस तुमच्या घरात, गल्लीत असेल, तर त्याच्यापाशी जाऊन बसा. टाळ्यांची घाई करू नका. ते गप्प झाले, तर थांबा. कडू बोलले, तर ते पुसू नका. आणि मनात एखादा प्रश्न आला, तर त्यांना तो हळूच विचारा. तो तसाच घरी घेऊन जाऊ नका.