मोजू नयेत अशी मेंढरं

१९८६ साल होतं. औरंगाबादच्या पश्चिमेला एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि पावसानं सलग तिसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती.

मित्रांनो, मी एक जुनी दगडी डोणी आहे. सोनाजी पाथरवटानं मला काळ्या शिळेतून कोरलं आणि गावच्या गायरानात, विहिरीच्या कडेला बसवलं. केरबा धनगराची मेंढरं दिवसातून दोनदा माझ्यात पाणी प्यायची. त्याची बायको राजाबाई माझ्यातलं शेवाळ खरवडताना म्हणायची, "पाऊसकाळ बदलला गं बाई. आता तुझ्यावरच समदा कळप."

त्या साली कारखान्यासाठी गायरान मागितलं गेलं. पंचायतीतल्या मुक्ताबाईनं ठराव आणला, की दुष्काळात गायरान आणि विहीर जनावरांसाठी राखावी. तिचा नवरा रामकिसन नामांतराच्या सत्याग्रहात तुरुंगात होता. तलाठी म्हणाले, जितकी जनावरं तितकीच जमीन राखता येईल. माझ्याच काठावर वही टेकवून त्यांनी विचारलं, "केरबा, मेंढरं किती?"

"असतील ईस-पंचवीस."

मुक्ताबाई हसली. "दादा, एवढी तर नुसती लंगडी हायत तुमच्याकडं! खरं सांगा."

"मेंढरं मोजली की नजर लागती, बाई. खंडोबा रुसतो. तुमी तुमच्या मोर्चातली माणसं मोजा."

"मोजतेच! नाय मोजली तर सरकार म्हणतं, कुणी आलंच नव्हतं."

केरबा बधला नाही. राजाबाईनं पदर तोंडाशी धरला. मला खरा आकडा ठाऊक होता. रोज दोनशे सात तोंडं माझ्यात बुडायची. पण मी पडले दगड.

वहीत वीस लिहिली गेली. वीस मेंढरांपुरता खडकाळ तुकडा उरला. विहीर तारेच्या आत गेली, मीही गेले. उन्हाळ्यात मेंढरं तारेला तोंड लावून ओरडायची आणि मी आत बांधकामाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली असायचे.

त्या उन्हाळ्यात केरबानं पहिल्यांदा मोजलं. मेलेली मोजायला देवाची हरकत नव्हती. एकशे नव्वद. वही दुरुस्त करा म्हणून तो तलाठ्यांकडे गेला. त्यांनी पान उघडून दाखवलं.

"अरे, तुझी होतीच वीस. मग एकशे नव्वद मेली कुठली?"

केरबा त्याच कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी झाला. शेळ्यामेंढ्या हाकलणं हेही त्याचंच काम. तीन वर्षांत तो गेला. राजाबाई कन्नडला भावाकडं राहिली. रस्त्यानं कळप निघाला की ती दार लावून घ्यायची म्हणे. रामकिसन सुटून आला आणि विद्यापीठाचा नामविस्तार त्यानं डोळ्यांनी पाहिला. मुक्ताबाई पुढच्या दुष्काळात शेजारच्या गावी विहिरीपाशी जाऊन बसली आणि कुणालाही न विचारता, मनातल्या मनात तोंडं मोजून आली. तो आकडा वहीत गेला आणि तिथलं गायरान वाचलं. मी आता शहरात, गारखेड्यात एका बंगल्यापुढं आहे. माझ्यात माती भरून शेवंती लावलीय.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी वही घेऊन गावात जाईल. मेंढपाळाला आकडा विचारून त्याला देवाच्या आणि सरकारच्या मधे उभं करू नका. संध्याकाळी पाण्यापाशी जाऊन बसा. जनावरं येतात.