मागच्या खोलीची हवा

एकोणीसशे एकोणतीस सालची ही गोष्ट. रंगाऱ्याच्या त्या घरात तिन्हीसांजेला मागच्या खोलीची खिडकी चिंध्या कोंबून बंद होई. दलदलीवरून वाईट हवा येते आणि हिवताप आणते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. रंगवलेले कापड खळबळायच्या पाण्याची पिंपे त्याच खोलीत असत. थोरली सूनही तिथेच निजे.

एके दिवशी कापड पिळता पिळता तिला हुडहुडी भरली.

"कामाच्या वेळी बरी थंडी वाजते गं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, अंग भाजतंय हो जाऊबाईंचं," धाकटी सून म्हणाली.

सासऱ्यांचे खोकल्याचे औषध आणायला ती दवाखान्यात गेली, तेव्हा तिने डॉक्टरांना विचारले.

"हवेनं नाही, डासानं होतो हा ताप," हिवतापावरच्या कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, गोळ्यांची पुडी बांधत ते म्हणाले. "मलेरिया या नावाचा अर्थच वाईट हवा. आमच्या गुरूंचे गुरू तेच शिकवायचे. चूक कळली, नाव तेवढं राहिलं. साठवलेलं पाणी ओतून टाका."

सासूबाई हसल्या. "एवढासा डास माणूस आडवं करतो? पहिलवानच म्हणायचा!" पुडी त्यांनी फडताळात ठेवली. "मूल झाल्याशिवाय सुनेला कोयनेल नाही. कूस जळते. आपल्यात चालत नाही."

"भावजींना गेल्या साली दिलंत की," धाकटी म्हणाली.

"तो पुरुष आहे."

थोरलीच अंथरुणातून म्हणाली, "राहू दे गं. कूस गेली तर या घरात मला कोण ठेवून घेईल?"

फडताळ काही उंच नव्हते. धाकटीचा हात पोचला असता. ती भांडी घासायला गेली.

पुढच्या झटक्यात थोरली बोलेनाशी झाली. सकाळी तिला स्मशानात नेले. दुपारी धाकटी पिंपापाशी बसून कापड खळबळत होती. रडू आले नाही. पाण्यात बारीक किडे वळवळत होते. ते रोजच दिसत.

वर्ष सरायच्या आत थोरल्याची नवी बायको आली, त्याच खोलीत निजली आणि कुडकुडू लागली. सासूबाई चिंध्या घेऊन उठल्या. धाकटीने फडताळातून पुडी काढली.

"खा."

"खबरदार! तिची कूस..."

"कुशीचं मागनं बघू, आई. आधी ती जगू दे."

मग तिने एकेक पिंप आडवे केले. पाणी दारापर्यंत आले. सासरे उंबऱ्यात उभे होते. पाय भिजले तरी हलले नाहीत.

नवी जगली. तिला दोन मुली झाल्या. सासरे खोकल्यानेच गेले. थोरल्याने पहिलीचे नाव पुन्हा काढले नाही. सासूबाई जन्मभर हवेलाच बोल लावत राहिल्या, पण शेवटच्या तापात त्यांनी कोयनेल मागून घेतले.

धाकटी घरोघरच्या पाण्यात डोकावत म्हातारी झाली. लोक तिला पिंपवाली म्हणत. झाकण परत ठेवताना ती एवढेच विचारी, "तुमच्याकडे सुनेला गोळी देतात ना?"

उत्तराला वेळ लागला, की ती तिथेच बसून राही.