कबरीचा कोपरा

गवंड्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो स्टुडिओच्या काउंटरवर ठेवला. "ताई, हा मोठा करून द्या. कबरीचा कोपरा स्पष्ट दिसला पाहिजे. परवा पुरातत्त्व खात्याच्या साहेबांना दाखवायचाय."

फोटो बावीस वर्षांपूर्वीचा होता. टेकडीवरच्या जुन्या सेनापतीच्या कबरीपाशी सहलीची दहा-बारा माणसं दाटीवाटीने उभी होती.

"मागच्या पायऱ्या माझ्या हातच्या," तो म्हणाला. "माझं काम संपल्यावरच लोकांना वर सोडलं. बघा, तेव्हा कोपरा शाबूत आहे. पण पुढे तो तुटला, आणि पहारेकऱ्याने बेधडक साक्ष दिली की माझ्या घणाने तुटला. काम गेलं, गाव सुटलं. माझ्या पोरांना 'कबरफोड्याची पोरं' म्हणायचे. हा फोटो आत्ता कुठे हाती लागला."

स्टुडिओवालीने मान वर केली नाही. तो पहारेकरी तिचा बाप होता.

"उद्या दुपारी या," ती कशीबशी म्हणाली.

तो गेल्यावर तिने फोटो स्कॅन करून मोठा केला. कोपरा अखंड होता. त्यावर एक लहान मुलगी बसली होती, आणि तिला धरणारा हात खाकी बाहीतला होता. मनगटावरचं पितळी कडं तिने ओळखलं.

जेवणाच्या सुट्टीत ती घरी गेली. बाबा कामावर निघण्यासाठी बुटांना पॉलिश करत होते. तिने फोटोची प्रत पुढे धरली.

"हे तुम्हीच ना?"

बाबांचा ब्रश थांबला. "त्या पोरीच्या बापाला फोटो हवा होता. मीच तिला वर बसवलं. उतरवताना दगड निखळला. तू तेव्हा सहा वर्षांची होतीस. नोकरी गेली असती तर ही खोली गेली असती."

"आणि त्याची मुलं?"

"निवृत्तीला चार महिने राहिलेत, बाळा. तू फोटोतले डाग काढतेस, तसा माझा हात तेवढा काढ. कोपरा राहू दे. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही."

ती स्टुडिओत परत आली. पाच मिनिटांचं काम होतं. तिने बाही पुसली, मग मनगट पुसलं. आता ती मुलगी कुणाच्याही आधाराविना तिरकी झाली होती, आत्ता पडेल अशी. स्टुडिओवालीला बघवेना. तिने हात होता तसा परत आणला आणि प्रिंट काढली. रात्री बाबांना एवढंच सांगितलं, "मला नाही जमलं."

दुसऱ्या दिवशी गवंडी आला, तेव्हा बाबा आधीच बाकावर बसले होते. गवंड्याने त्यांना लगेच ओळखलं.

"ही माझी मुलगी," बाबा उठत म्हणाले. "फोटोतला हात माझा आहे. साक्ष खोटी होती. मी लिहून आणलंय."

गवंड्याने कागद दोनदा वाचला.

"बावीस वर्षं," तो म्हणाला. बाबांनी हात जोडले, पण त्याने तिकडे पाहिलं नाही. "ताई, दोन प्रती द्या."

चौकशीनंतर गवंड्याचं नाव कामाच्या यादीत परत आलं. आता त्याला घण पेलवत नव्हता, म्हणून काम त्याच्या मुलाने घेतलं. बाबांना कामावरून काढलं. सरकारी खोली सोडून बापलेक स्टुडिओच्या मागच्या खोलीत राहायला आली. बाबा तिच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मग एका सकाळी तिच्यापुढे चहा ठेवून म्हणाले, "साखर बघ, पुरेशी आहे का."